पोरीसाठी बर्फातलं घर बघून आले

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. र्‍हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगणभर पाय उमटवावेत तसं. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. बहुतेक वाचणारी मीच असणार. टिटवाळ्याहून कोलशेतला जाऊन आले, याला कोणी प्रवास म्हणणार नाही. पण मला तो पुसट होऊ द्यायचा नाही, म्हणून लिहिते.

माझी मुलगी मयुरी. खाडीच्या चिखलात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांचा अभ्यास करून ती एम.एस्सी. झाली. त्यांच्याच जातीतले काही जीव म्हणे दक्षिण ध्रुवाजवळ, गोठलेल्या समुद्राच्या बर्फातही राहतात. त्यांच्यावर पीएचडी करायची आणि जमलं तर काही महिने तिकडे जाऊन राहायचं, असं तिच्या मनात. अर्ज तयार होता. पण आमच्या घरात मोठी गोष्ट सासूबाईंच्या होकाराशिवाय होत नाही. हे म्हणाले, "आईला विचार." आणि मयुरीही आजीचा शब्द मोडून जाणारी नव्हे.

सासूबाई म्हणाल्या, "घर बगल्याबिगर पोर द्यायची नाय."

"अगं आजी, लग्न नाहीये!"

"नसू दे. ऱ्हायला जानार ना तू? मंग पानी कुठून भरतात, चूल कोनाच्या हातात हाय, जमीन कोनाच्या नावावर हाय, ह्या तीन गोष्टी बगून यायच्या. मी काय आज सांगते का? तुझ्या आत्यांच्या येळेला पन हेच बगितलं."

आमच्यात ही रीतच आहे. मुलगी द्यायच्या आधी घरातली एक बाई जाऊन ते घर बघून येते. आजवर माझी मोठी जाऊ जायची, मी तिच्या मागे बसून चहा प्यायचे. या वेळी जाऊबाईंनी हात झटकले. "बर्फातलं मला काय कळतंय? तुझी पोर, तू जा." अनोळखी माणसासमोर माझा आवाज निघत नाही. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हाही माझ्या बहिणीनं माझ्याऐवजी घेतलं होतं.

दक्षिण ध्रुवावर तर जाता येत नाही. पण कोलशेतच्या एका कॉलेजात, तिथं जाऊन आलेली माणसं मुलांना माहिती द्यायला येणार होती. तिथंच घर बघायचं ठरलं.

शनिवारी सकाळी निघालो. कल्याणला गाडी बदलली आणि कळव्याला उतरलो, कारण लग्नात माझ्याऐवजी नाव घेणारी ती बहीण, ताई, तिथं मासळी विकते. मयुरीच्या फीचे पैसे तिनंच उसने दिले होते. सगळं ऐकून ती कोयत्यावर हात ठेवून हसायलाच लागली.

"मी रोज बर्फ विकत घेते, आणि तुझी पोर बर्फ बघायला सात समुद्र ओलांडणार! माझ्याकडे बस म्हणावं, हवा तेवढा देते."

"मावशी, त्या बर्फात जीव राहतात," मयुरी म्हणाली.

"माझ्या बर्फात काय दगड राहतात?"

मग टोपलीतून तिनं एक जिताडा (खाडीतला मोठा, मानाचा मासा, आमच्याकडे जावयाला देतात) काढला, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून त्यात ठेवला. "घर बघायला रिकाम्या हातानं जायचं नाय."

मयुरीनं कपाळाला हात लावला. "मावशी, तिथं शास्त्रज्ञ आहेत गं!"

"मंग? त्यांना तोंड नाय?"

ठाण्याहून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं नाक वर करून विचारलं, "काकी, पेटीत जिताडा ना?" मी मान हलवली. "मग भाडं राहू द्या, शेपटाकडचा तुकडा द्या." त्याला हसताना बघून मलाही हसू आलं. कोलशेतला कारखाने आणि उंच इमारती मागे पडल्या आणि मध्येच खाडीची हिरवी झुडपं दिसली. वास ओळखीचा आला, तसा जरा धीर आला.

कॉलेजच्या हॉलमध्ये पाय ठेवला आणि मी थांबलेच. भिंतभर फोटो. पांढऱ्याशुभ्र मैदानात खांबांवर उभं राहिलेलं एक घर, आणि बाहेर बघ्यांसारखे उभे पेंग्विन. एका मुलानं मला तिकडचा कोट घालून बघायला दिला. तो इतका जड की मी दोन्ही हात पसरून गणपतीच्या सोंगासारखी उभी राहिले. मयुरीनं फोटो काढला. मधोमध काचेच्या झाकणाचा फ्रीझर होता आणि त्यात उसासारखी लांब, गोल बर्फाची कांडी. तिच्यात बारीक बुडबुडे. ती फार जुनी हवा आहे म्हणे, बर्फ पडला तेव्हा आत अडकलेली. तेव्हाचं हवामान कसं होतं, ते तिच्यावरून काढतात.

मयुरी माहिती विचारायच्या रांगेत उभी राहिली. मी पेटी फ्रीझरच्या कडेला ठेवून भिंतीला टेकले. थोड्या वेळानं एकच ओरडा झाला.

"पाणी! फ्रीझरखाली पाणी! सॅम्पल वितळलं!"

स्वयंसेवक धावले. कोणी प्लग बघतोय, कोणी झाकणावर ओढण्या टाकतोय. ज्यांनी ती कांडी आणली होती त्या बाई व्यासपीठावरून भाषण टाकून धावत आल्या. मी बघितलं तर ओघळ फ्रीझरमधून नाही, आमच्या पेटीतून. ताईनं पेटी जुनी दिली होती.

सांगायला तोंड उघडलं, आवाज निघेना. मग मी सरळ पदर खोचला, कोपऱ्यातलं फडकं उचललं आणि पुसायला बसले. त्या बाईंनी पेटीचं झाकण उघडलं. जिताडा त्यांच्याकडे बघत होता.

"हे काय?"

"तुमच्यासाठी," मी म्हणाले.

त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग साडी सावरून माझ्यासमोर बसल्या आणि दुसरं फडकं घेऊन पुसायला लागल्या. मोठ्या शास्त्रज्ञ, पिकलेले केस. मी "राहू द्या, राहू द्या" करत होते.

"अहो, सवय आहे मला," त्या म्हणाल्या. "तिथं नोकरचाकर नसतात. एक स्वयंपाकी असतो, पण मदतीला, भांड्यांना, केराला प्रत्येकाची पाळी लागते. डॉक्टर असो नाहीतर आमचा प्रमुख."

चूल कोणाच्या हातात, याचं उत्तर न विचारताच आलं. समोरासमोर जमीन पुसताना माणूस अनोळखी राहत नाही. माझा आवाज फुटला.

"आणि पाणी कुठून भरता?"

"आमच्या तळाजवळ एक तळं आहे. वरचा थर गोठतो, खाली पाणी असतं. पंपानं घेतो. पंप गोठला की सगळ्यांची आंघोळ बंद."

"आणि जमीन कोणाच्या नावावर?"

त्यांनी एका मुलीला हाक मारली. ती कायदा शिकलेली, ध्रुवांच्या धोरणाचा अभ्यास करणारी. ती म्हणाली, "काकू, काही देशांनी पूर्वी हक्क सांगितला होता. पण करार करून ते भांडण बाजूला ठेवलंय. खाण काढायची नाही, लष्कराचा तळ करायचा नाही, अभ्यास करायचा. तिथला सातबारा कोणाच्याच नावावर नाही. हे असंच टिकावं म्हणूनही माणसं लागतात. प्रत्येकाला बर्फात जावं लागतं असं नाही. कोणी प्रयोगशाळेत बसतं, कोणी माझ्यासारखं कागदांत."

तोवर मयुरी रांग सोडून आली, तिचं काम बाईंनी नीट विचारून घेतलं. पीएचडीला वर्षं लागतात, निवड झाली तर विद्यावेतन मिळतं, तिकडे जायच्या आधी कडक वैद्यकीय तपासणी होते आणि हिमालयात सराव करावा लागतो, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "जायला मिळेलच असं वचन देत नाही. अर्ज कर, एवढं सांगते." खोटं वचन दिलं नाही, म्हणून मला त्या जास्त आवडल्या.

जिताड्याचा प्रश्न उरला. बाई डोंबिवलीच्या. "मासे खायला मी तिकडे जाऊन शिकले, घरी सगळे शाकाहारी. हा घरी नेला तर सासूबाई मलाच परत बर्फात पाठवतील." मग कॅन्टीनवालीनं मोठं पातेलं दिलं, मी कालवण केलं, आणि सगळ्या मुलांनी भाताबरोबर ओरपलं. जेवण झाल्यावर मागे वळले तर बाई नळावर ते पातेलं घासत होत्या. कोणाला दाखवायला नाही. कडेचं करपलेलं नखानं काढत होत्या.

परतीच्या गाडीत खाडीवरून येताना ऊन पाण्यावर पसरलं होतं. मयुरी खांद्यावर झोपली. मी मनात सगळं परत परत म्हणत होते, सासूबाईंना सांगताना विसरायला नको.

घरी पोचल्यावर सासूबाईंनी पाणीही पिऊ दिलं नाही. मी सांगितलं. तळ्याला त्यांनी मान डोलावली. सातबाऱ्याला त्या उठूनच बसल्या. "कोनाच्याच नावावर नाय? म्हंजे भाऊबंदकी नाय!" आमच्या मिठागराच्या जमिनीवरून चुलत्यांशी किती वर्षं बोलणं नाही, ते घरात सगळ्यांना माहीत. मग मी पातेल्याचं सांगितलं.

"मोठी बाई? सोता घासत होती?"

"स्वतः. करपलेलं नखानं काढून."

मयुरीनं माझा हात घट्ट धरला.

"माझ्या तिन्ही पोरी दिल्या," सासूबाई म्हणाल्या, "पन असं घर एकीला नाय मिळालं. भर तुझा अर्ज."

मयुरीची निवड झाली. अजून ती बर्फात गेलेली नाही, या वर्षी हिमालयातला सराव आहे. मी मात्र एका बाबतीत बदलले. परवा जाऊबाईंच्या मुलीसाठी घर बघायला गेलो, तेव्हा मी पुढे बसले, आणि चहा झाल्यावर विचारलं, "कप कोण विसळतं?"

मयुरी विद्यावेतनातून ताईचे पैसे थोडे थोडे देत होती. सरावाला निघायच्या आधी शेवटचे द्यायला आम्ही दोघी कळव्याला गेलो. ताईनं ओले हात पुसून नोटा घेतल्या आणि न मोजता कनवटीला लावल्या.

"फिटले गं सगळे," ती म्हणाली. "आता मोकळ्या मनानं जा."