मोबाईलनं स्क्रीनचा फोटो काढीनच!

मंडळी, आज सून हसली मले. मी कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा मोबाईलनं फोटो काढून राह्यली होती. "आई, प्रिंट स्क्रीनचं बटन दाबा ना!"

आमच्या वेळी कुठी होतं बटन? ऐंशीच्या दशकात आमच्या गावी, कोरपन्याले, मोठ्या भावानं कॉम्प्युटर आणला, टीव्हीले जोडला. मी त्यावर ठिपक्या-ठिपक्यानं मोहाचं झाड काढलं. लाईट गेली, झाडही गेलं. भाऊ म्हणे, "तू काढलंच नाई!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलं. खिडक्या लावल्या, फ्लॅश बंद केला, कॅमेरा स्टुलावर ठेवून फोटो घेतला. रोल धुवून आला तं टीव्हीच्या फोटोत येते तसा मधात काळा पट्टा होता, पण झाड आलं! भावाले नेऊन दाखवला.

आज बटन शिकली मी. पण लाईट गेली तं? निस्त्या बटनाच्या भरोशावर काऊन राहू? तुम्ही राह्यता काय?