शॉवर डोक्यावर, लेप गुडघ्यापर्यंत

मुलाने कात्रजच्या फ्लॅटमधली बाथरूम नवी करायला घेतली. शॉवरच्या भिंतीपलीकडे माझी खोली, आणि त्याच भिंतीला लागून माझा पलंग. टाइल्स बसवण्याआधी कंत्राटदाराने भिंतीला ओल अडवणारा लेप लावला, पण गुडघ्यापर्यंतच.

"अहो, शॉवर डोक्यावर आहे," मी म्हटलं.

"आजी, वर टाइल्स येणार. टाइलमधून पाणी जात नाही."

"आणि दोन टाइल्सच्या सांध्यातून?"

तो हसला. मुलगा म्हणाला, "आई, त्यांना कळतं ते." माझी शाळा चौथीपर्यंत, मुलगा इंजिनिअर. टाइल्स बसल्या.

दिवाळीपर्यंत माझ्या उशीमागचा रंग फुगला, पोपडे गादीवर पडू लागले आणि पांघरुणाला कुबट वास यायला लागला. कंत्राटदाराने येऊन भिंत थोपटली. "आजी, पलंग जरा पुढे ओढा. वरून मस्त वॉलपेपर लावून देतो."

मुलाला तेही पटलं. मी म्हटलं, "एवढं सोपं असेल तर तुम्ही नवरा-बायको झोपा इथे." आणि माझं अंथरूण त्यांच्या खोलीत नेलं.

चौथ्या दिवशी सुनेला शिंका सुरू झाल्या. आठव्या दिवशी टाइल्स फोडल्या.

या वेळी लेप लावण्याआधी मी मुलाला भिंतीला टेकून उभं केलं आणि गवंड्याला सांगितलं, "याच्या डोक्याच्या वर वीतभर खूण कर." इंजिनिअर ताठ उभा राहिला. मापाची पट्टी म्हणून बरा निघाला.