सुमनच्या आईचं ध्यान

मैत्रिणींनो, तुम्हीही शाळेत शिकवता म्हणून तुम्हालाच सांगते. आज माझं डोकं फिरलंय.

माझ्या दुसरीतली सुमन एका जागी बसत नाही. पाढा अर्ध्यावर सोडून खिडकीकडे धावते. सकाळी हेडमास्तर म्हणाले, "नाव काढून टाका तिचं."

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. चुलीवर भात करपत होता आणि तिची आई शेजारीच भिंतीला टेकून बसली होती. शेवटी सुमननंच भांडं उतरवलं.

"आक्का, बरं नाही का?" मी विचारलं.

"मालक लढाईवर गेल्यापास्नं झोप न्हाय, बाई. चार म्हैनं झालं, पत्र न्हाय. पोरगी बोलती, ते बी ध्यानात येत न्हाय."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणी इचारलंच न्हाय."

मीही नाही. मी वर्षभर पोरीला छड्याच मारल्या.

परत येऊन हेडमास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आपण शाळा चालवतो, दवाखाना नव्हे."

सुमनचा स्वभाव मुळातच चंचल आहे की घरच्या काळजीनं तसा झालाय, मला ठाऊक नाही. नाव मात्र मी काढणार नाही. पण निपाणीच्या डॉक्टरांकडे तापाचं औषध मिळतं, मनाच्या दुखण्याचं नाही. या आईला मी कुठे नेऊ?