मेंढ्याची की जहाजाची

आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच, आणि त्याचा मला लई माज होता. आता लपवून काय करू? सोलापूरला मुलींच्या शाळेत इंग्रजी तिसरीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन निजामाच्या राज्यात, नळदुर्गात आले. इथं शाळा उर्दू. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, उर्दूच्या चार यत्ता केलेल्या. धाकट्या दिरांना, म्हणजे भावजींना, तेवढंही नाही. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, निम्मं कानडी निम्मं मराठी बोलायच्या, पण अक्षर कुठल्याच भाषेतलं ओळखायच्या नाहीत. त्यामुळं इंग्रजी कागद घरात आला की सगळे ओट्यावर गोळा व्हायचे आणि मी वाचायची. चुकीचं वाचलं तरी पकडणार कोण?

आमची सर्विसची मोटार होती. नळदुर्ग ते सोलापूर, सकाळी जायची, दुपारी परत यायची. हे चालवायचे. भावजी मागं लटकून उतारू गोळा करायचे आणि मोटार बिघडली की तिच्याखाली शिरायचे. ती रोजच बिघडायची. सासऱ्यांच्या वेळची मोटार ती, कापडी टपाची. चढ लागला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं, हे सगळ्यांना पाठ झालेलं. विलायतेत मोठी लढाई चालू होती, त्या साली दिवाळीच्या आधी कचेरीतून एक साहेब आला. मोटारीभोवती त्यानं एक चक्कर मारली आणि हातात कागद दिला. बहमन महिना संपायच्या आत लाइनीवर नवी मोटार उभी राहिली नाही, तर परवाना रद्द. बहमन म्हणजे सरकारी महिना, तो संपतो तेव्हा आपल्याकडं पौष असतो. अणदूरच्या एका बागाईतदारानं ह्याच लाइनीसाठी अर्ज टाकलाय, हेही तो जाता जाता सांगून गेला.

परवाना गेला की दोन्ही भाऊ रस्त्यावर. आम्हाला शेत नव्हतं, दुकान नव्हतं. होती ती एक लाइन. गाडीपुरती पुंजी मात्र सासऱ्यांनी मागं ठेवली होती, म्हणून हे लगोलग सोलापूरला गेले आणि मोटारीच्या व्यापाऱ्याकडून दोन रंगीत कॅटलॉग घेऊन आले.

दोन गाड्या, पण एकाच कारखान्याच्या. एकीच्या नाकावर चकचकीत मेंढा, मान खाली घालून धडक द्यायला निघालेला. दुसरीच्या नाकावर शिडाचं जहाज. नावं मी वाचून दाखवली, पण कुणाच्या जिभेला वळेनात. म्हणून एक मेंढ्याची झाली आणि एक जहाजाची. तिथल्या कारकुनानं ह्यांना सांगितलं होतं, दोघी सख्ख्या बहिणी समजा. इंजिन जवळजवळ तेच. मेंढ्याची जरा लांब आणि ऐसपैस, जहाजाची जरा हलक्या किमतीची.

झालं, घरात दोन पक्ष पडले. आत्याबाई मेंढ्याकडून. मेंढ्याला त्या कानडीत टगरू म्हणायच्या. खंडोबाची बानाई धनगराची, तेव्हा टगरू हा देवाच्याच घरचा, ह्यात त्यांना शंका नव्हती. जहाज आमच्यात कुणी बापजन्मी बघितलं नव्हतं, ते कशाला नाकावर घेऊन हिंडायचं? भावजी जहाजाकडून. मोटार दुरुस्त करणारे ते. इंजिन तेच असेल तर मेंढ्याच्या शिंगांसाठी जास्त का मोजायचं, हा त्यांचा हिशेब. हे दोघांचं ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडं बघायचे.

आणि मी तिसरंच काढलं. कॅटलॉगच्या पाठच्या पानावर पुढच्या सालच्या गाडीचं चित्र होतं. नाक रुंद, दिवे अंगात बसवलेले, फूटबोर्ड दाराच्या आत झाकलेला. मी म्हटलं, दोन महिन्यांत नवी येणार असेल तर आज जुनी कशाला? भावजींनी हसून विचारलं, फूटबोर्डच नसला तर जत्रेच्या दिवशी माणसं उभी कुठं करायची, वैनीच्या कॅटलॉगात? सगळे हसले. मला ते लागलं. त्या दिवसापासून नवं मॉडेल ही माझ्या इज्जतीची गोष्ट होऊन बसली. सकाळ-संध्याकाळ मी तेच घोकत राहिले. शेवटी आत्याबाईंनी माझ्या पारड्यात वजन टाकलं, पण कारण वेगळं. अणदूर आणि नळदुर्ग मिळून खंडोबा एकच. वर्षातले सव्वादहा महिने तो अणदूरला असतो, चंपाषष्ठीची जत्रा झाली की पावणेदोन महिने आमच्याकडं येतो. देव गावात नसताना नवी मोटार कुणाच्या पायावर घालायची, असं आत्याबाईंचं म्हणणं. मार्गशीर्षात देव येईल, तेव्हा मोटारही येऊ दे. बहमन संपायला तरी वेळ राहतोच. तेव्हा नव्या गाडीचं विचारायला व्यापाऱ्याला पत्र घालायचं ठरलं. ते इंग्रजीत मीच लिहिलं, ऐटीत.

उत्तर आलं तेव्हा सगळे ओट्यावर होते. हे खांबाला टेकून, भावजी हात पुसत, आत्याबाई सुपात ज्वारी घेऊन. मी मोठ्यानं वाचायला लागले. इंग्रजी एक वाक्य, मग मराठी. आपलं पत्र पोचलं, आभारी आहोत, वगैरे. आणि शेवटच्या दोन ओळींवर डोळे गेले तशी मी थांबले, त्या मनातच वाचल्या. लढाईमुळं पुढच्या सालच्या गाड्या येतीलच अशी खात्री देता येत नाही. मेंढ्याची एक गाडी तयार आहे, ती आपल्यासाठी आजपासून पंधरा दिवस राखून ठेवतो, पुढं नाही.

भावजी माझ्या तोंडाकडं बघत होते. हसायच्या तयारीत होते, असं मला वाटलं. खरं काय ते देव जाणे. मी कागदाची घडी घातली आणि म्हटलं, "थोडा उशीर लागंल म्हणतात, पण येईल."

एवढंच बोलले. नवरा म्हणाला बरं, आत्याबाई ज्वारी पाखडायला लागल्या. पत्र मी ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवलं.

मला वाटलं होतं, दोन दिवसांनी कसंतरी फिरवून घेऊ. तिसऱ्या दिवशी जेवण वाढताना मी ह्यांना म्हटलं, मेंढ्याचीच घेतली तर काय वाईट, आत्याबाईंच्याही मनात आहे. हे चकित झाले. तूच थांब म्हणालीस, आईही देव आल्यावर म्हणते, आता मधेच काय? तेवढ्यात भावजी आतून म्हणाले, वैनीचं मॉडेल बदललं वाटतं. काय सांगू, माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी म्हटलं काही बदललेलं नाही, नवीच घ्यायची. म्हणजे स्वतःच्या हातानं पुन्हा कडी लावून घेतली.

दिवस मोजत होते मी. भाकरी थापताना मोजायचे, विहिरीवर मोजायचे. नऊ राहिले, सहा राहिले. ह्यांची मोटार दुपारी परत आली की आज तिथं कुणी काही बोललं का, ते मी आडून आडून विचारायची. हे व्यापाऱ्याच्या दुकानावरून रोज जायचे, पण आत कशाला जातील? माझ्या शब्दावर विसंबून होते ना. आत्याबाईंनी मोटारीसाठी भंडारा आणून ठेवला, हळदीची ती पुरचुंडी मला उठता-बसता दिसायची.

चौदाव्या दिवशी सकाळी ठरवलं, आज सांगायचं. शिव्या बसू देत, माहेरी घालवू देत. पदर खोचून मी मोटारीच्या थांब्याकडं निघाले. एरवी ती मेली पाच-सहा वेळा हँडल मारल्याशिवाय घरघरायचीसुद्धा नाही. त्या दिवशी पहिल्याच हँडलला सुरू झाली. मी वेशीजवळ पोचले तेव्हा समोर नुसता धुरळा होता. दुपारी हे आले तेव्हा भोवती भावजी आणि उतारू, आणि चार माणसांसमोर बोलायचा माझा धीर संपला. मी स्वतःला सांगितलं, व्यापारी असं लिहितातच, गिऱ्हाईकाला घाई करायला.

पंधरावा दिवस गेला. चंपाषष्ठी झाली. देव न्यायला आमच्या गावची माणसं अणदूरला गेली, आम्हीही गेलो. देव हलवायच्या आधी दोन्ही गावांचा करार होतो, अमुक दिवशी देव परत पोचवू म्हणून, आणि तो कागद सगळ्यांना वाचून दाखवतात. वाचणारा म्हातारा एकेका शब्दावर थांबत होता. माझ्या कानशिलावर घाम आला. आत्याबाईंनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, गर्दी आहे.

देव आला तसं आत्याबाईंनी ह्यांना सोलापूरला व्यापाऱ्याकडं पिटाळलं. हे संध्याकाळी परतले. कोट खुंटीला लावला, पाय धुतले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि आता काय येतं अंगावर ते बघत होते.

"गाडी गेली," हे म्हणाले. "मेंढ्याची बी गेली, जहाजाची बी. नवी येत न्हाय. कारखान्यात आता लष्कराच्याच गाड्या करायला लागलेत म्हणं. आपण उशीर केला."

माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

ती मेंढ्याची गाडी अणदूरच्या बागाईतदारानं उचलली होती, सोळाव्या दिवशी. बहमन संपला, परवाना त्याला गेला. दोन महिन्यांनी त्याला चांगला ड्रायव्हर पाहिजे झाला आणि त्यानं ह्यांनाच बोलावलं. जी गाडी आमच्या दारात यायची, ती माझा नवरा पगारावर चालवायला लागला. आमची जुनी मोटार भंगारात गेली. भावजी सोलापूरला गिरणीत लागले. मोटारीशिवाय दुसरं काही न आवडणारा माणूस, कापसाच्या धुळीत खोकत उभा राहिला. आणि आत्याबाईंनी सगळं स्वतःवर घेतलं. देव येईस्तोवर थांबा, असं आपणच म्हटलं म्हणून लेकरांची लाइन गेली, हे त्या येईल त्याला सांगायच्या. त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं. पुरणपोळीचा सण यायचा आणि त्या कोरडी भाकरी खायच्या. मी वाढायची. चार वर्षं मी त्यांना ते वाढलं आणि तोंड उघडलं नाही. त्या गेल्या, तरी उघडलं नाही. ह्याला क्षमा आहे की नाही, मला माहीत नाही.

हे मात्र पहिल्यासारखेच. इंग्रजी कागद आला, औषधाची बाटली आली, तरी माझ्यासमोर धरायचे आणि समोर बसून ऐकायचे. ते टक लावून ऐकणं मला नको वाटायचं. ह्यांना कारकुनानं सांगितलं असेल का? सांगितलं असतं तर हे बोलले नसते का? दारावरून मेंढ्याच्या गाडीचा भोंगा गेला की रोज हेच मनात यायचं.

लढाई संपली, त्याच्या पुढल्या साली मालकानं नवी गाडी आणली. पुन्हा मेंढ्याचीच. हे ती सोलापूरहून घेऊन आले तेव्हा आधी आमच्या दारात थांबवली. जत्रेसाठी भावजी आलेले होते, तेही ओट्यावर होते. मी बघितलं, नाक रुंद, दिवे अंगात, फूटबोर्ड दाराच्या आत. त्या चित्रातली गाडी पाच वर्षांनी माझ्या दारात उभी होती, आणि ती आमची नव्हती.

ह्यांनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं. वाच म्हणाले. मी वाचायला लागले. तेल कधी बदलायचं, चाकांत हवा किती. एका अवघड शब्दावर मी अडखळले, आणि हलकेच पुढच्या ओळीवर गेले. ह्यांनी तो शब्द म्हटला. मागून माझ्या खांद्यावरून बघत, अगदी बरोबर म्हटला.

मी पुस्तक खाली ठेवलं. "तुमाला येतंय?"

"येतंय की. दुकानांच्या पाट्या, मैलाचे दगड, ह्या गाड्यांची नावं बघत बघत शिकलो. दोन वर्षं झाली."

"मग मला कशाला वाचायला लावता?"

हे गाडीपुढं गेले. मेंढ्यावरची धूळ हातानं पुसली. "त्या पत्रात काय हुतं ते कारकुनानं मला तवाच सांगितलं हुतं," म्हणाले. "म्या वाट बघत हुतो. तू कवातरी पुरतं वाचशील म्हणून."

मी आत गेले. ट्रंकेतलं पत्र काढलं, घडीवर फाटायला आलं होतं. ओट्यावर येऊन बसले आणि पहिल्या शब्दापासून वाचलं. एक वाक्य इंग्रजी, मग मराठी. शेवटच्या दोन्ही ओळी भावजींना ऐकू जातील एवढ्या मोठ्यानं वाचल्या.

भावजींना खोकल्याची उबळ आली. ती बसल्यावर ते म्हणाले, "मंजी पंधरा दिवस हुते आपल्याकडं."

मी व्हय म्हटलं. त्यांनी आत, आत्याबाई बसायच्या त्या कोपऱ्याकडं एकदा बघितलं, चपला घातल्या आणि जत्रेला निघून गेले.