मोठेबाबांनी पारखलेला पडदा

आमच्या घरात पडदा आला तो माझ्यामुळं. मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, हे कधी कबूल करायचे नाहीत. ते म्हणायचे, घराण्याच्या इभ्रतीसाठी आणला. असू दे बाई. इभ्रत थोडीच नाही म्हणायला येते?

तेव्हा आम्ही नांदेडला राहायचो. मोठेबाबा कचेरीत पेशकार, साहेबापुढं कागद ठेवणारे कारकून. कचेरीत उर्दू लिहायचे आणि घरी आले की सगळ्यांवर गुरकावायचे. त्यांची बायको माझ्या जन्माआधीच गेलेली, त्यामुळं त्यांच्या दोन पोरांचं आणि सगळ्या घराचं माझी आईच बघायची. माझे वडील लातूरला आडतीवर मुनीम. घरी यायचे दिवाळीला, आणि जमलंच तर गुढीपाडव्याला. मधले सगळे महिने नुसते पत्रावर काढायचे.

आणि आईला तर वाचता येत नव्हतं. पत्र मोठेबाबा वाचायचे, ओसरीवर बसून, खड्या आवाजात. आई माजघराच्या दाराआड डोक्यावरून पदर घेऊन ऐकायची. थोरला भाऊ वाचणार त्या पत्रात माणूस बायकोला लिहिणार तरी काय, कपाळ! "इकडे सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवावी. यंदा तुरीची आवक बरी आहे." तुरीच्या आवकेचं आईनं काय लोणचं घालायचं होतं? पत्र संपलं की ती हळूच विचारायची, "झालं?" मोठेबाबा म्हणायचे, "झालं." मला त्या पत्राचा, वडिलांचा, सगळ्यांचाच राग यायचा.

मी नऊ वर्षांची असताना दोघा चुलतभावांना शिकवायला अर्धापूरचे एक तरुण मास्तर यायला लागले. ओसरीच्या भिंतीला फळा टांगला. मी उंबऱ्यात बसून बघायची. तिसऱ्या दिवशी मोठेबाबांची नजर गेली.

"परका माणूस ओसरीवर, अन् पोरगी उंबऱ्यात? चल, आत हो!"

मी हलले नाही. मी काही गरीब गाय नव्हते. पण त्या दिवशी बोलली ती आई, दाराआडून. "ऐकू द्या की, भाऊजी. पाढे तरी येतील तिला."

मोठेबाबा जरा घुटमळले. "ऐकायला माझी ना न्हाई. पर दाराला परदा पाहिजे," ते म्हणाले, आणि एकदम खूश झाले. जहागीरदारांच्या घरी पडदे असायचे, आता आपल्याही घरी होणार!

मी मात्र चुलीपुढं बसून भोकाड पसरलं. पाढे ऐकून येतात, अक्षर ऐकून येत नाही. आईनं थापलेली भाकरी तव्यात टाकली आणि म्हणाली, "रडू नगंस. तुला वाचाया आलं पाहिजे. मंग लातूरचं पत्र तू वाचशील. मला एकटीला." तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

दर्जीचाचा दुसऱ्या दिवशी कापडाचे तुकडे घेऊन आले. आमच्या घरचं सगळं शिवणकाम त्यांच्याकडं. रीत अशी की ते ओसरीवर माजघराच्या दाराकडं पाठ करून बसायचे. माप घ्यायलासुद्धा आत यायचे नाहीत. आई सुतळीनं दार मोजून गाठी मारायची आणि ती सुतळी मी नेऊन द्यायची. तुकडेही मीच आत नेले. मोठेबाबा समोरच पान चघळत बसलेले, त्यामुळं आईला हवं ते तोंडानं विचारायची सोय नव्हती.

आई एकेक तुकडा माझ्या तोंडावर ताणून धरायची आणि कुजबुजायची, "काय दिसतंय?" जाड मांजरपाटातून काही दिसेना. पांढऱ्या मलमलीतून नुसता उजेड. फुलाफुलांच्या छिटातून फुलंच. प्रत्येक तुकडा मी परत न्यायची आणि आईनं शिकवलेलं कारण सांगायची: रंग जाईल, धुवायला जड, मळ दिसेल.

"परदा घेऊन राहिलो का लुगडं?" मोठेबाबा ओरडले. "हे घ्या मांजरपाट. चांगलं जाजमावाणी हाय."

परत आलेले तुकडे चाचा घडी करत होते. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध कुंकवाचा पुसट डाग. त्यांनी एकदा डागाकडं पाहिलं, एकदा माझ्या कपाळाकडं, एकदा भिंतीवरच्या फळ्याकडं. मग मोठेबाबांना म्हणाले, "साब, मांजरपाट फाटक्या नशिबाचं कापड. तुमच्या दाराला शोभत न्हाई. उद्या एक थान आणतो, बड्या घरांत तेच असतं." बड्या घरांत म्हटल्यावर मोठेबाबांची मान आपोआप डोलली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गडद हिरवं, विरळ विणीचं कापड आणलं, दुपदरी काठ घालून तिथंच शिवलं आणि दाराला लावायला माझ्याकडं दिलं. मग दाराकडं पाठ ठेवूनच मोठ्यानं म्हणाले, "बेटी, अम्मांना सांग, मागची खिडकी बंद ठेवायची. आत अंधार, बाहेर उजेड. तरच परद्याची आब ऱ्हाते." मोठेबाबांना वाटलं, काय अदब आहे! आईनं खिडकी लावली आणि माझा हात गच्च धरला. पडद्यातून ओसरी दिसत होती, फळा दिसत होता, फळ्यावरचा 'क'सुद्धा दिसत होता.

मोठेबाबांनी पडदा पारखला. ओसरीवरून पाहिलं, अंगणातून पाहिलं, वाकून पाहिलं. "आत हाय का कुणी?" आम्ही दोघी त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर उभ्या होतो. आईनं तोंडात पदर कोंबला होता. "वा मियाँ! भिंत हाय भिंत," मोठेबाबा म्हणाले. उभा जन्म पडद्याच्या बाहेर काढलेला माणूस. आतून कसं दिसतं हे बघायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कुठून?

सहा महिने मी पडद्याला नाक लावून शिकले. भावांच्या आधी जोडाक्षरं शिकले, हे आजही जरा तोऱ्यानंच सांगते. आणि मग एक दिवस मोठेबाबांना ताप आला. कचेरी बुडवून ते माजघरात निजले होते. मास्तरांचा आवाज ऐकून उठले आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले.

मी पाटी परकरात लपवली. आई चुलीपासून उठून आली, पण पुढं यायचा धीर तिला होईना. आता पत्र गेलं, फळा गेला, सगळं गेलं, असंच वाटलं मला.

मोठेबाबा पडद्यातून बघत राहिले. बाहेर गेले, बाहेरून पाहिलं. परत आत आले. परत बाहेर गेले. मास्तर बिचारे खडू धरून उभे. शेवटी आत येऊन मोठेबाबांनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हंजे इतके दिवस तुम्ही समदं बघून राहिल्या? मी ओसरीवर बसून पाठ खाजवतो ते बी?"

"हाव," मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता.

मोठेबाबा खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पण ते हसत होते, ताप आणि खोकला दोन्ही विसरून. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात, ते खरंच. हसू ओसरल्यावर त्यांनी फळ्याकडं बोट केलं. "वाच." मी वाचलं. "पुढं." मी पुढचं वाचलं. मग आईकडं न बघता ते म्हणाले, "लातूरचं पत्र इथून पुढं ही वाचंल. माझ्या डोळ्यांना तरास होतो. तसं मी त्याला कळवतो." त्यांचे डोळे चांगले ठणठणीत होते, मरेपर्यंत चष्मा लागला नाही. दर्जीचाचांचे तर माझ्यावर उपकार आहेतच, पण त्या गुरकावणाऱ्या माणसाचेही आहेत. ते मानायला मला फार वर्षं लागली, याची लाज वाटते.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मोठेबाबांनी ते न फोडता माझ्या हातात दिलं आणि चपला घालून बाहेर निघून गेले. वडिलांचा हात मुनिमाचा, मोडीत पळणारा. पण हे पत्र त्यांनी बाळबोधीत, एकेक अक्षर सुटं आणि मोठं काढून लिहिलं होतं. मला वाचता यावं म्हणून.

आई समोर बसली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. मी बोट ठेवून पहिली ओळ वाचली: "तू कशी आहेस?"

माझ्याकडं नाही, कागदाकडं बघत आई म्हणाली, "बरी हाय. तुम्ही?"

मग मी पुढचं वाचायला लागले.