कागदावरचा डावा अंगठा

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता पुसट झाल्या आहेत; ही एक मात्र अजून पुसली जात नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे दिवस होते. मी परळ भागात फौजदार होतो आणि निम्मे ठाणे बंदोबस्तावर असे. अशाच एका दुपारी जवळच्या इस्पितळातली परिचारिका साध्या साडीत आली. नाव लिहू नका म्हणाली. तिच्या वॉर्डातले मोठे डॉक्टर गिरणी कामगारांना न सांगताच नवे औषध टोचून पाहत होते. एक जण दगावला होता.

दुसऱ्या दिवशी मी कागद ताब्यात घेतले. प्रत्येक रुग्णाचे इंग्रजी संमतिपत्र होते, खाली डाव्या हाताचा अंगठा. संशोधनाला मंजुरी देणारी समितीही होती. अध्यक्ष तेच डॉक्टर, बाकीचे दोघे त्यांच्या हाताखालचे. समितीची मंजुरी आहे, रुग्णाचा अंगठा आहे, आणखी काय हवे, असे डॉक्टरांनी शांतपणे विचारले.

मृताच्या पत्नीचा जबाब घ्यायला लालबागच्या चाळीत गेलो. मालवणकडची बाई. हा तुमच्या मालकांचा डावा अंगठा ना, असे विचारत मी कागद पुढे केला.

“ह्यो त्येंचो नाय,” ती म्हणाली. “त्येंचो डावो आंगठो गिरणीत तुटलेलो.”

मग वॉर्डातल्या सगळ्यांचे ठसे घेऊन तपासणीला पाठवले. सर्व संमतिपत्रांवर एकच अंगठा निघाला, तिथल्या आयाचा. तिला अक्षरओळख नव्हती. साहेबांनी सांगितले म्हणून दाबला, एवढेच ती सांगत राहिली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. प्रेताचे दहन झाले होते, त्यामुळे मृत्यू औषधानेच झाला हे सिद्ध होईना. समितीची मंजुरी असल्याने डॉक्टरांवर गुन्हा बनत नाही, असे वरून कळवण्यात आले. शिक्षा झाली ती आयाला.

अशा समितीत इस्पितळाबाहेरचा एक तरी माणूस असावा आणि रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगितले जावे, असे मी अहवालात लिहिले. ‘दफ्तरी दाखल’ असा शेरा आला. मी पुन्हा लिहिले नाही. माझी बढती जवळ आली होती.

कागद पुरा असला की माणसाला विचारायची गरज कोणालाच वाटत नाही, हे मला या केसने शिकवले. ते कळून मी काही बदलू शकलो नाही.

निकाल सांगायला त्या बाईकडे गेलो. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “त्या औषदान कोणाक तरी गुण इलो काय?”

वॉर्डाच्या नोंदवह्या मी पान न् पान वाचल्या होत्या. औषध कोणाकोणाला टोचले ते लिहिले होते. पुढे त्यांचे काय झाले, ते कोणी लिहिलेच नव्हते.