नागावकर सरांचं चौथं रेकॉर्डिंग

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. हे आधीच सांगितलेलं बरं... नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणायचं, हिचा पिंडच तसला.

मी मूळची नागपूरची, आता पिनरला असते. लंडनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जुन्या ज्यू हस्तलिखितांचे फोटो काढते. शेकडो वर्षांचे हिब्रू कागद, बरेचसे तळहाताएवढे तुकडे. नागावकर सर तिथेच भेटले. ऐंशी पार केलेले, अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. उभं आयुष्य ते तुकडे वाचण्यात गेलेलं. मी मराठी आहे कळल्यावर म्हणाले, "चला, आता मराठीत कुरकुर करायची सोय झाली."

किस्से तर इतके! कुणा विद्वानाने धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी प्रार्थना समजून छापली होती, वगैरे. "लिहा ना सर," म्हटलं की हात झटकायचे. शेवटी म्हणाले, "मी बोलतो, तू ठेव." मग दर गुरुवारी लंचला मी फोनवर रेकॉर्ड करायला लागले. सगळं इंग्लिशमध्ये, कारण पुढे लायब्ररीला द्यायचं होतं. मध्येच मराठीत शिरायचे, ते वेगळं.

चौथ्या रेकॉर्डिंगमध्ये एक पत्र आहे. एका बाईने भावाला लिहिलेलं. त्याचा वरचा भाग सगळ्यांना माहीत, खालचा हरवलेला. तो सरांना दुसऱ्याच खोक्यात सापडला होता, तोही अक्षरावरून नाही, सुईच्या भोकांवरून. फाटलेलं पत्र कुणीतरी शिवलं होतं, आणि दोन्ही तुकड्यांवरची भोकं तंतोतंत जुळत होती.

"आई शिवणकाम करायची गं," सर मराठीत म्हणाले. "टाका मला ओळखता येतो. हे अजून छापायचंय. तोवर तुझ्याजवळच राहू दे."

"ठेवते," मी म्हटलं.

आमच्या प्रोजेक्टची प्रमुख हेलन ही सरांचीच जुनी विद्यार्थिनी. पुढे तिने रेकॉर्डिंग्ज मागितली — आठवणी जपायला हव्यात म्हणून. मी सगळी दिली. चौथंसुद्धा.

काही महिन्यांनी हेलनचा पेपर आला. तेच पत्र, तीच भोकं. शेवटी सरांचे "उपयुक्त गप्पांबद्दल" आभार. सर ते पान घेऊन माझ्या स्टुडिओत आले.

"हिला अक्षर ओळखायला मी शिकवलं," ते म्हणाले. "मागितलं असतं तर दिलं असतं."

मला काहीच विचारलं नाही. पण पुढच्या गुरुवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. दोन महिन्यांत गेलेच.

शोकसभेत त्यांचा आवाज ऐकवायचं ठरलं. रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी माझ्या फोनवर चौथं रेकॉर्डिंग लावलं. नवरा, सुहास, समोरच बसला होता. पत्र आलं, भोकं आली, आईचं शिवणकाम आलं. मग कप ठेवल्याचा आवाज. आणि सर म्हणाले —

"हेलनला का दिलंस, बाळ?"

रागाने नाही. फार दमल्यासारखे.

सुहास म्हणाला, "परत लाव." परत तेच. तो बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोन घेऊन तासभर बसला. फाइलची तारीख जुनीच, हेलनने मागण्याच्या कितीतरी आधीची. लांबी सेकंदाला सेकंद तेवढीच. सोमवारी काहीतरी निमित्त काढून मी हेलनकडची कॉपी ऐकली. तिच्यात "तोवर तुझ्याजवळच राहू दे" होतं. माझं "ठेवते"सुद्धा होतं.

माझ्या फोनवर आजही ते दुसरंच वाक्य आहे. ते तिथे कसं आलं, मला सांगता येत नाही. सुहासलाही नाही.

त्याने त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, "पण खरंच, का दिलंस?" मी म्हटलं, आठवणी जपायला.

ते खोटं होतं. हेलनने मागितलं तेव्हा माझं कॉन्ट्रॅक्ट संपायला तीन आठवडे राहिले होते, आमचा दोघांचा व्हिसा त्यावरच होता, आणि ते वाढवणं हेलनच्या हातात होतं. सरांना मी हे कधीच सांगितलं नाही. सुहासलाही इथेच कळेल.